दर दहा मीटरला एक बार

स्कूबा डायव्हिंगची चौकशी करणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी एकच गोष्ट विचारतो: "पोहता येत नाही, चालेल का?" अंदमानातल्या हॅवलॉकला काय किंवा आपल्या मालवणला काय, उत्तर "चालेल" असंच मिळतं आणि ते खोटं नसतं. नुसता अनुभव म्हणून केल्या जाणाऱ्या डाईव्हला पोहणं यावं लागत नाही. इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो आणि नियमानं १२ मीटरच्या खाली नेत नाही. विचारायला हवा तो प्रश्न दुसराच: "सर्दी झालीये, चालेल का?" याचं उत्तर मात्र ठाम "नाही". नाक चोंदलेलं असेल तर पट्टीचा पोहणाराही दोन मीटर जाईस्तोवर कान धरून वर येतो.

याचं कारण दाब. आणि पाण्याखालच्या दाबाचा सगळा हिशेब एका आकड्यात बसतो. तो आकडा एकदा नीट डोक्यात बसला की कोर्समध्ये घोकून घेतले जाणारे निम्मेअधिक नियम घोकावे लागत नाहीत, आपले आपण सुचत जातात.

समुद्रसपाटीवर उभं असताना आपल्या अंगावर अख्ख्या वातावरणाचा दाब असतो, साधारण १ बार. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास एक किलोचं ओझं. आतूनही तेवढाच दाब असल्यामुळे ते जाणवत नाही. आता पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट जड. त्यामुळे अख्ख्या वातावरणानं दिलेला दाब द्यायला समुद्राच्या पाण्याचा अवघा १० मीटरचा थर पुरतो. १० मीटरवर दाब होतो २ बार, २० मीटरवर ३, ३० मीटरवर ४. दर दहा मीटरला एक बार, बस्स.

शरीराच्या बहुतेक भागाला याचं सोयरसुतक नसतं, कारण तो भाग पाण्यानं भरलेला आहे आणि पाणी दाबलं जात नाही. प्रश्न येतो जिथं हवा आहे तिथं: कान, सायनस, फुप्फुसं आणि चेहऱ्यावरचा मास्क. रॉबर्ट बॉइलनं १६६२ मध्ये मांडलेला नियम शाळेत सगळ्यांनीच लिहिलाय, की दाब दुप्पट झाला तर वायूचं आकारमान निम्मं होतं. वर ६ लिटरचा असलेला फुगा १० मीटरवर ३ लिटरचा होईल, २० वर २ लिटरचा, ३० वर दीड लिटरचा.

हे आकडे जरा थांबून बघा. पहिल्या दहा मीटरांत फुग्यानं निम्मा आकार गमावला, पुढच्या दहा मीटरांत फक्त एक लिटर आणि त्यापुढच्या दहांत अर्धाच. सगळ्यात मोठी उलथापालथ सगळ्यात वरच्या थरात होते. "आम्ही काय, पाच-सहा मीटरच तर जाणार" असं म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. कानांच्या आणि फुप्फुसांच्या दृष्टीनं उथळ पाणी अजिबात सौम्य नसतं.

आता एक सर्वसाधारण डाईव्ह घेऊ. हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासूनचं स्वराज द्वीप. कोर्स झालेले दोघं एका डाईव्हमास्टरबरोबर १८ मीटरपर्यंत जाणार आहेत. पहिल्या पायरीच्या, म्हणजे ओपन वॉटर सर्टिफिकेटची हीच मर्यादा. तिथं डायव्हिंगला लाकडी डुंगी वापरतात. कठड्यावर बसायचं, एका तळव्यानं मास्क आणि तोंडातला रेग्युलेटर दाबून धरायचा आणि पाठीमागे लवंडायचं.

पाठीवरचा सिलिंडर ऑक्सिजनचा नसतो. हा गैरसमज बातम्यांतसुद्धा हटकून दिसतो. त्यात असते साधी, गाळलेली, कोरडी हवा, सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी मुख्यतः नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन भरला तर सहा-सात मीटरच्या खाली तो मज्जासंस्थेला विषासारखा बाधू शकतो, फेफरं येऊ शकतं आणि पाण्याखाली फेफरं म्हणजे बुडणंच. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरच्या पोटात ११ लिटर पाणी मावेल इतकीच जागा असते, पण हवा २०० बारपर्यंत ठासून भरलेली असते. म्हणजे सुमारे २,२०० लिटर हवा. तिचं वजनही अडीच किलोच्या वर भरतं. डाईव्ह संपताना सिलिंडर दोनेक किलोनं हलका झालेला असतो आणि ज्यानं आधी हिशेबानं वजनं बांधली नाहीत तो शेवटी बुचासारखा वर यायला लागतो.

एक शंका बऱ्याच जणांना येते. एवढा जामानिमा कशाला? लांबलचक नळी वर काढून श्वास नाही का घेता येणार? नाही येणार. एक मीटर खोलीवरसुद्धा छातीच्या दर चौरस सेंटिमीटरवर शंभर ग्रॅमचं जादा ओझं असतं. अख्ख्या छातीचा हिशेब केला तर बरगड्यांना प्रत्येक श्वासाला कित्येक किलो उचलावे लागतात. नळीनं वरून येते ती १ बारची हवा, तिला आत खेचायची ताकद आपल्या स्नायूंत नाही. दुर्योधन डोहात लपला तो जलस्तंभनाच्या विद्येवर. बांबूची नळी घेऊन तळाशी बसला असता तर पांडवांना त्याला हाका मारायचीही गरज पडली नसती.

रेग्युलेटर ही अडचण सोडवतो. भोवताली जेवढा पाण्याचा दाब, तेवढ्याच दाबाची हवा तो तोंडात देतो आणि तीही तुम्ही मागाल तेव्हाच. १० मीटरवर २ बारची, १८ मीटरवर २.८ बारची. त्यामुळे खोल पाण्यातही छाती नेहमीसारखी फुलते. ही वस्तू आली १९४३ मध्ये, फ्रान्समध्ये. तिथं जर्मनांचा कब्जा होता, पेट्रोलचा ठणठणाट होता आणि गॅसवर मोटारी चालवण्यासाठी एमिल गान्यां या इंजिनिअरनं एक झडप बनवली होती. नौदलातल्या जॅक कुस्तोला हवी असलेली गोष्ट नेमकी तीच निघाली. दोघांनी मिळून तिचा पाण्याखालचा अवतार तयार केला. आजचे रेग्युलेटर त्याच्या कितीतरी पुढे गेलेत, तत्त्व तेच आहे.

उतरायला सुरुवात झाली की पहिल्या मीटरभरातच कान बोलायला लागतात. घाट उतरताना कानाला दडे बसतात ना, तोच प्रकार, फक्त वेग पाहा. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना हवेच्या दाबात जेवढा फरक पडतो, तेवढा पाण्यात साधारण साठ-पासष्ट सेंटिमीटर खाली जाताच पडतो. अख्खा बोरघाट कमरेएवढ्या पाण्यात! आणि त्यानंतर अजून सतरा मीटर बाकी असतात.

पडद्याच्या आतल्या बाजूला, मधल्या कानात, हवेची एक छोटी पोकळी आहे. ती एका बारीक नळीनं घशाच्या वरच्या भागाशी जोडलेली असते. ही नळी एरवी मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते. बाहेरून पाणी पडदा आत ढकलतं, तेव्हा याच नळीतून आत हवा सोडून दोन्ही बाजूंचा दाब सारखा करायचा. नाकपुड्या मास्कवरूनच चिमटीत धरायच्या, तोंड मिटलेलं, आणि नाक शिंकरल्यासारखी हलकी फुंकर. कानात बारीक 'टक्' होतं आणि दडा सुटतो. हे दर अर्ध्या-पाऊण मीटरला करायचं, दुखायच्या आधी. दुखायला लागल्यावर करू म्हटलं तर नळीचं तोंड बाहेरच्या दाबानं घट्ट मिटलेलं असतं आणि मग कितीही जोर लावा, उघडत नाही. उलट त्या जोरानं आतल्या कानाला कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी शहाणपणाची गोष्ट एकच, मीटरभर वर यायचं, दाब कमी होऊ द्यायचा आणि पुन्हा प्रयत्न करायचा. तरीही नाही जमलं तर त्या दिवशीचं डायव्हिंग संपलं. पैसे भरलेत म्हणून कान पणाला लावू नये.

सर्दीत हीच नळी सुजलेली असते. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरणारे महाभाग भेटतात. गोळीचा असर पाण्याखाली ओसरला तर आत गेलेली हवा वर येताना अडकते, आणि आता ती फुगत असते. म्हणजे दुखणं टळलं नाही, फक्त परतीच्या वाटेवर ढकललं.

मास्कमधली हवाही अशीच आकसते आणि मास्क चेहऱ्याला चोखू लागतो. नाकानं थोडी हवा आत सोडली की झालं. पोहण्याच्या गॉगलनं स्कूबा का करत नाहीत याचं उत्तर इथंच आहे, त्यात नाक बाहेर राहतं.

दोन्ही कान मोकळे झाले की मग भोवती नजर जाते. पण त्याआधी श्वासाबद्दल सांगायलाच हवं, कारण स्कूबा शिकवताना सगळ्यात मोठ्या आवाजात सांगितला जाणारा नियम त्याचाच आहे: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. पोहायला शिकताना आपण नेमकं उलटं शिकलेलो असतो, पाण्यात गेलं की श्वास धरायचा. १० मीटरवर छाती भरून ६ लिटर हवा घेतली आणि ती धरून वर आलो, तर पृष्ठभागावर तिला १२ लिटरची जागा लागेल. फुप्फुसांत तेवढी जागा नाही. ती फाटतात, आणि हवेचे बुडबुडे थेट रक्तात घुसून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. पोहण्याच्या तलावात सराव करतानाही अशा दुखापती झालेल्या आहेत, कारण वरच्या थरातली ती मोठी उलथापालथ तिथंही असतेच. घसा उघडा ठेवून संथ श्वास चालू असेल तर जादा हवा आपोआप बाहेर पडते. म्हणून तोंडातला रेग्युलेटर निघाला तरी, तो पुन्हा तोंडात जाईपर्यंत, बारीक बुडबुडे सोडत राहायला शिकवतात.

हवा किती वेळ पुरेल हा हिशेबही त्याच आकड्यावर चालतो. निवांत माणूस वर मिनिटाला सुमारे २० लिटर हवा घेतो असं धरू. २० मीटरवर प्रत्येक श्वासात तिप्पट दाबाची हवा जाते, म्हणजे सिलिंडरमधून मिनिटाला ६० लिटर जाणार. २,२०० लिटर ३६ मिनिटांत संपले. त्यातला पाव हिस्सा, म्हणजे ५० बार, राखीव ठेवायचा असतो. हातात उरली २७ मिनिटं. तोच सिलिंडर ८-१० मीटरवर पाऊण तासाच्या आसपास नेता येतो. घाबरलेला, हातपाय मारणारा नवखा माणूस दीडपट-दुप्पट हवा ओढतो आणि सगळ्यांना लवकर वर यावं लागतं. अनुभवी डायव्हर ओळखायचा असेल तर त्याच्या बुडबुड्यांकडे बघावं. ते लांब अंतरानं आणि आरामात येत असतात. रहस्य श्वास सोडण्यात आहे. पूर्ण, सावकाश सोडला की कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, आणि धाप लागल्याची, घाबरल्याची भावना बव्हंशी त्याच वायूमुळे येत असते.

श्वासाचं तिसरं काम आणखी मजेचं आहे. जॅकेटमध्ये, ज्याला बीसीडी म्हणतात, थोडी हवा भरून डायव्हर आपलं वजन पाण्यात शून्य करतो. ना बुडत, ना तरंगत. मग एक लिटर जास्त हवा छातीत घेतली की जवळपास एक किलोचं उद्धरण मिळतं आणि तो हळूच वर सरकतो. सोडली की खाली. पण लगेच नाही, एक-दोन सेकंदांनी. या उशिरामुळेच नवखे गडबडतात, परिणाम दिसत नाही म्हणून दुप्पट करतात आणि मग भलतीकडेच जातात. शिवाय खाली जावं तसं जॅकेटमधली हवा आणि अंगातल्या वेटसूटचा स्पंज दोन्ही आकसतात, त्यामुळे बुडणं वाढत जातं. वर जावं तसं फुगतात आणि वर जाण्याचा वेग वाढतो. पाण्यात स्थिर राहणं म्हणजे सतत बारीक दुरुस्त्या करत राहणं. माझ्या मते स्कूबाचं खरं कसब हेच आहे, बाकी सगळं आठवडाभरात येतं.

आणि हे कसब प्रवाळांसाठीही लागतं. १२-१५ मीटरवर समोर येतो तो खडक दगड वाटतो, पण त्याचा वरचा पापुद्रा जिवंत प्राण्यांचा असतो. एकेक प्रवाळकीटक काही मिलिमीटरचा, तोंडाभोवती बारीक शुंडकांचं कडं, खाली स्वतःच घडवलेला चुन्याचा पेला. अशा हजारोंची वसाहत म्हणजे एक प्रवाळ. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देतं, बदल्यात आसरा आणि कार्बन डायऑक्साइड मिळवतं. प्रवाळांना स्वच्छ, उथळ, उजेडाचं पाणी का लागतं ते यावरून कळेल. गोल, भरीव प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतात. पायातल्या फिनच्या, म्हणजे रबरी परांच्या, एका फटक्यानं तुटलेला विळ्याएवढा तुकडा भरून यायला बरीच वर्षं जातात.

पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा एखादाच अंश जास्त तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, तर हा संसार मोडतो. प्रवाळ शैवालाला बाहेर काढतो, आतला पांढरा चुना दिसायला लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. पांढरा झालेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर सावरतो. अंदमाननं १९९८ आणि २०१० मध्ये याचे मोठे फटके खाल्ले. एप्रिल २०२४ मध्ये तर जगभरात एकाच वेळी ब्लीचिंग चालू असल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, अशी ही चौथी वेळ. आणि २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाची तऱ्हा आणखी वेगळी. त्सुनामीची चर्चा झाली, पण त्याच धक्क्यानं अंदमानच्या वायव्य भागातला तळ मीटरभर किंवा त्याहून जास्त वर उचलला गेला, तिथले उथळ प्रवाळ कायमचे पाण्याबाहेर आले आणि उन्हात मेले. तेव्हाच दक्षिणेला निकोबारचे किनारे खचले.

इथं एक गोष्ट लोकांना सांगावीशी वाटते. पाण्याखालचे रंग फोटोंसारखे दिसत नाहीत. पाणी आधी तांबडा रंग पितं. दहा मीटरवर लाल मासा मळकट तपकिरी दिसतो, बोट कापलं तर रक्त हिरवट-काळपट दिसतं. टॉर्च मारला की एकदम खरे रंग उमटतात. शिवाय मास्कच्या काचेमुळे सगळं एक तृतीयांशानं मोठं दिसतं, त्यामुळे वर आल्यावर सांगितल्या जाणाऱ्या माशांच्या लांबीतून तेवढं वजा करून घ्यावं. आवाज हवेपेक्षा चौपट वेगानं जातो, म्हणून बोटीचं इंजिन ऐकू येतं पण ती कुठल्या बाजूला आहे ते कळत नाही. आणि पार्श्वभूमीला एक अखंड तडतड चालू असते. ती कोळंबीच्या एका जातीची. नांगी इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि त्याचा हा आवाज.

त्यात मधूनच 'करकच्' असं ऐकू आलं तर जवळपास पॅरटफिश चरतोय समजावं. पोपटासारख्या चोचीनं तो खडकावरचं शैवाल चुन्यासकट खरवडतो, घशातल्या दातांनी दळतो आणि मागून पांढऱ्या वाळूचा ढग सोडून पुढे जातो. प्रवाळी बेटांवर ज्या पांढऱ्याशुभ्र पुळणीवर आपण फोटो काढतो, तिचा बराच भाग असाच तयार झालेला असतो. थोडं पुढे एका ठरावीक खडकापाशी मासे रांग लावल्यासारखे तरंगताना दिसतील. तिथं बोटाएवढा, निळ्या अंगावर काळा पट्टा असलेला क्लीनर रास राहतो. मोठा ग्रुपर येतो, तोंड आ करतो, कल्ले फाकवतो आणि हा चिमुकला मासा चक्क त्या जबड्यात शिरून परजीवी वेचून खातो. ग्रुपरनं तोंडाला हलका झटका दिला की बाहेर. डायव्हर स्थिर राहिला तर हे सगळं हातभर अंतरावरून बघता येतं. श्वासाचं ते कसब का लागतं म्हणायचं, तर यासाठी.

हात लावायचा नाही हे वेगळं सांगायला नको, पण कारण दोन्ही बाजूंचं आहे. आपल्या स्पर्शानं प्रवाळाचा वरचा थर फाटतो, आणि दगड समजून ज्याला हात लावला तो स्टोनफिश, म्हणजे दगडासारखा दिसणारा विषारी काट्यांचा मासा, असला तर आपलाच जीव धोक्यात येऊ शकतो. मेलेल्या प्रवाळाचा किनाऱ्यावर पडलेला तुकडासुद्धा पिशवीत टाकू नये. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

खाली बोलता येत नसल्यामुळे खुणा चालतात आणि त्यातली एक आपल्या लोकांना हमखास चकवते. इन्स्ट्रक्टर विचारतो, ठीक आहे ना? आणि पर्यटक खूश होऊन अंगठा वर करतो. पाण्याखाली वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ "मला वर न्या" असा आहे. इन्स्ट्रक्टर इमानदारीत वर घेऊन येतो. "ठीक" म्हणायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा.

आता नायट्रोजन. आतापर्यंतचा हिशेब पोकळ्यांतल्या हवेचा होता, हा रक्तात विरघळणाऱ्या हवेचा. दाब जितका जास्त, तितका वायू द्रवात जास्त विरघळतो. ऑक्सिजन शरीर वापरून टाकतं, नायट्रोजनचा त्याला काही उपयोग नाही. तो रक्तातून स्नायूंत, चरबीत, सांध्यांत साठत जातो. तीसेक मीटरच्या खाली तो मेंदूवर दारूसारखा चढतो, माणूस उगाच खुशीत येतो किंवा साधी बेरीज चुकतो. थोडं वर आलं की उतरतो. हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर ठेवण्यामागे हे एक कारण आहे.

पण जास्त महत्त्वाचं काय, तर तो बाहेर कसा पडतो. गोटीसोड्याची बाटली बंद असते तोवर आत काही दिसत नाही. गोटी खाली ढकलली, दाब गेला, की सगळीकडून बुडबुडे. डायव्हर झपाट्यानं वर आला तर त्याच्या रक्तात आणि ऊतींत हेच होतं. सांधे ठणकतात, कातडीवर चट्टे उठतात, हातापायांना मुंग्या येतात, मज्जारज्जूत बुडबुडे झाले तर लुळेपणा येतो.

हा आजार पूल बांधणाऱ्यांतही दिसला. नदीच्या तळाशी पाया खणायला दाबाखालच्या हवेच्या पेट्यांत माणसं उतरवायचे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये यामुळे असा आजारी पडला की त्याच्या सूचना कामावर पोचवण्याचं काम त्याची बायको एमिली करू लागली, ते १८८३ मध्ये पूल खुला होईपर्यंत. उत्तर सापडलं १९०८ मध्ये. जॉन स्कॉट हॉल्डेननं ब्रिटिश नौदलासाठी प्रयोग केले, ते बकऱ्यांवर. त्यांना दाबाच्या कोठडीत ठेवून वेगवेगळ्या पद्धतीनं बाहेर काढलं. बकरी पाय उचलून धरायला लागली की समजायचं, सांध्यात बुडबुडे झाले. त्यातून त्यानं असं मांडलं की शरीराचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या गतीनं नायट्रोजन घेतात आणि सोडतात, आणि टप्प्याटप्प्यानं वर आलं तर बुडबुडे टळतात. मनगटावरचा डाईव्ह कॉम्प्युटर आजही त्याच कल्पनेचा सुधारलेला हिशेब दर काही सेकंदांनी करत असतो.

हौशी डायव्हिंगचा सगळा डोलारा एका अटीवर उभा आहे: कुठल्याही क्षणी सरळ वर येता यावं, एवढाच नायट्रोजन साठू द्यायचा. १८ मीटरवर अशी मुभा साधारण ५५ मिनिटांची असते, ३० मीटरवर जेमतेम वीस मिनिटांची. आपल्या दोघांची डाईव्ह पाऊण तासात संपते, तरी ते घाई करत नाहीत. मिनिटाला ९-१० मीटरपेक्षा जास्त वेग नाही, आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. या थांब्याला सेफ्टी स्टॉप म्हणतात. पाच मीटरवरच का, तर त्यावरचा थर सगळ्यात अवघड, हे आधी पाहिलंच. कंटाळवाणी वाटणारी ही तीन मिनिटं मला सगळ्यात आवडतात. काही करायचं नसतं, श्वासावर तरंगत राहायचं असतं.

वर आल्यावर लक्षणं दिसली तर उपाय शुद्ध ऑक्सिजन आणि दाबाच्या कोठडीत उपचार. "जरा आडवा होतो, बरं वाटेल" म्हणून तास घालवणं घातक ठरतं. दमा, हृदयाचा त्रास, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांविषयी आधी जो फॉर्म भरून घेतात त्यात खरं लिहावं. तो वकिली कागद वाटतो, पण वरचं सगळं वाचल्यावर त्यातला प्रत्येक प्रश्न कुठून आला ते कळेल.

नायट्रोजन पाण्याबाहेर आल्यावरही तासन्‌तास निघत राहतो. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा. म्हणजे तिथं बसणं हे आणखी वर येणंच. म्हणून एक डाईव्ह केली असेल तर किमान १२ तास आणि एकाहून जास्त केल्या असतील तर किमान १८ तास उडायचं नाही, पूर्ण दिवस सोडला तर उत्तम. घाटालाही हेच लागू पडतं. मालवणला किल्ल्याजवळ पाच-सात मीटरवर थोडा वेळ जाऊन आलेल्यानं याची फार काळजी करायला नको. पण सकाळी दोन खोल डाईव्ह करून दुपारीच गाडी आंबोलीकडे काढायची असेल, तर जवळपास ७०० मीटर चढायचे आहेत हे ध्यानात ठेवून रात्र खालीच काढावी.

अंदमानच्या सहलीत आपली मंडळी बहुधा पहिल्याच दिवशी पोर्ट ब्लेअरचं, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमचं, सेल्युलर जेल बघतात, मग हॅवलॉक, आणि शेवटच्या सकाळी "राहिलंय तेवढं स्कूबा" उरकून दुपारच्या बोटीनं परत येऊन दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान धरतात. हा क्रम उलटा करावा. उतरल्याबरोबर बोटीनं हॅवलॉक गाठावं, डायव्हिंग आधी संपवावं आणि सावरकरांची कोठडी शेवटच्या दिवसासाठी ठेवावी. तिथल्या तिसऱ्या मजल्यावर चढायला काहीच हरकत नाही.